अखेरचे दुखणे आणि कामकरी माणूस

पनवेलहून खोपोलीकडे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघाले की चौकच्या अलीकडे लोधिवली लागते. एके काळी इथे भातखाचरे होती आणि मागे माणिकगडाचा सुळका. १९८० नंतर पाताळगंगेच्या काठाने कारखाने उभे राहिले आणि आमच्यासारखी सातवी-आठवी शिकलेली पोरे लावणी-झोडणी सोडून पाळीच्या भोंग्यावर उठू लागली. पुढे रस्त्याच्या कडेला धीरूभाई अंबानींच्या नावाचे रुग्णालय झाले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या रोग्यांसाठी लोधिवलीत विलगीकरणाची सोय उभारून ती जिल्हा प्रशासनाकडे दिल्याची बातमी आली, तेव्हा हे नाव सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत छापून आले. त्याआधी ते ठाऊक होते ते एस. टी.च्या वाहकांना आणि आम्हांला.

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण त्याची सुरुवात आमच्याकडून घडलेल्या एका चुकीपासून केली पाहिजे. २००६ सालची गोष्ट. आमच्या संघटनेतला एक फिटर, वय सत्तेचाळीस, तोंडाच्या कर्करोगाने आजारी पडला. तंबाखूची पुडी त्याच्या खिशात होती तशी आमच्याही खिशात होती. मुंबईला नेले, शस्त्रक्रिया झाली, वीज दिली. वर्षभराने गाठ पुन्हा आली, आणि एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितले, "आता घरी न्या. काय खायला मागेल ते द्या."

महाराष्ट्रात असे घर नसेल की जिथे हे वाक्य कधी ऐकू आले नाही. सांगणाऱ्याच्या मनात दया असते, हे आम्ही जाणतो. परंतु ज्याचे तोंडच सडले आहे त्याला काय खायला द्यायचे, याचे उत्तर त्या वाक्यात नाही. घरी आणल्यानंतर तो चाळीस-बेचाळीस दिवस जगला. वहिनी एका कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंगला जात. रोजावर काम, गैरहजेरी म्हणजे पैसे नाहीत. पहिला आठवडा त्या घरी बसल्या, नंतर धाकट्या मुलीची शाळा बंद करून तिला बापाजवळ बसवले. रात्री तो भिंतीवर डोके आपटी. शेजारचे लोक आवाजाला कंटाळून बोलत नसत, पण रेडिओ मोठा लावीत.

तो गेला तेव्हा संघटनेने वर्गणी काढली. चांगली रक्कम जमली. दहाव्याला दोनशे माणूस जेवले. ती रक्कम वहिनींच्या हाती देताना त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊ, हे तेव्हा आले असते तर पोरगी शाळेत गेली असती." आम्ही तेव्हापासून हा विषय वाचीत आलो आहोत. शिकलेल्या माणसाचे वाचन आणि आमचे वाचन यांत फरक असा, की आम्ही पुस्तकाला आधी विचारतो, "यात पैसे कोणी दिले?" या व्याख्यानातही श्रोत्यांना तो प्रश्न वारंवार ऐकू येईल, त्याबद्दल क्षमा असावी.

आमच्या भागातला मरणाचा पहिला मोठा हिशेब बोरघाटाचा. कर्जतहून खंडाळ्याकडे चढणारा लोहमार्ग १८५६ साली हाती घेतला आणि २१ एप्रिल १८६३ रोजी सुरू झाला. पंचवीस बोगदे आणि खोल दऱ्यांवरचे पूल. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक माणसे त्या डोंगरावर एका वेळी राबत होती. मजुरी थकली म्हणून जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला. त्यानंतर पहिल्या कंत्राटदाराचे काम सुटले आणि सॉलोमन ट्रेडवेल नावाचा दुसरा कंत्राटदार विलायतेहून आला. तो थोड्याच आठवड्यांत आजारी पडून वारला, आणि त्याच्या विधवेने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट पुरे करून दाखवले. बाईचे कर्तृत्व मोठेच, त्याबद्दल दुमत नाही. परंतु कंत्राटदाराच्या मरणाची तारीख कागदावर आहे, आणि पटकीने, तापाने, सुरुंगाने मेलेल्या हजारो मजुरांचे नुसते अंदाज आहेत. झोपड्यांतून माणसे पडत, सोबती पळून जात किंवा स्वतःही पडत. त्यांच्या उशाशी कोण बसले होते ते कोणीही लिहून ठेवलेले नाही. आम्ही खंडाळ्याच्या गाडीत बसलो आणि पहिला बोगदा आला की आमचे बोलणे अजून थांबते.

पुढे मुंबई वाढली आणि कोकण-देशातला माणूस गिरणीत गेला. गिरणीकामगाराचे एक वैशिष्ट्य जुन्या लोकांनी टिपले आहे: तो पगार मुंबईत घेई आणि मरण गावी. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी पंधरा माणसे, तिथे अंथरूण धरायला जागाच नव्हती. क्षय झाला, रक्त पडू लागले, की बिऱ्हाडातली माणसे वर्गणी काढून त्याला बोटीत किंवा गाडीत बसवून देत. गाव म्हणजे त्या काळचे अखेरच्या दुखण्याचे इस्पितळ, आणि त्याचा खर्च गावातल्या बाईच्या अंगावर. मालकाच्या वहीत तो कधी चढला नाही.

इस्पितळावर लोकांचा विश्वास नव्हता, हेही सांगितले पाहिजे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारी माणसे घरात शिरून रोगी उचलून नेऊ लागली. नेलेला माणूस परत येत नाही असा समज झाला, आणि तो अगदीच खोटा नव्हता. लोकांनी रोगी माळ्यावर लपवले, प्रेते लपवली. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगा झाला तो एका घरातल्या रोगी मुलीच्या तपासणीवरून. ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्या माणसांची मागणी तशी साधी होती. आजाऱ्याला त्याच्या माणसांपासून तोडू नका, आणि त्याच्या अंगाला हात लावताना विचारा. आज ज्याला रुग्णाची प्रतिष्ठा म्हणतात तिच्यात याहून फार काही अधिक नाही.

त्याच साथीत आमच्या चळवळीचा आद्य पुरुष गेला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली, हे शाळेच्या पुस्तकातही असते. प्लेगच्या रोग्यांची व्यवस्था पाहता पाहता त्यांनाच लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते वारले. महिन्याभराने, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याकडच्या पांडुरंग गायकवाड या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले होते, असे सांगतात. त्या वेळी प्लेगला औषध नव्हते. बरे करणे हातात नसताना जवळ जाणे हातात होते, आणि तेवढ्यासाठी या दोन माणसांनी प्राण दिले. आमच्या संघटनांच्या कार्यालयांत लोखंड्यांची तसबीर असते, पण सुट्टीचा रविवार आठवताना त्यांचा शेवटचा महिना कोणी आठवीत नाही.

आता थोडे अफूकडे वळू. श्रोत्यांना हे आडरान वाटेल, पण वेदनेचा इतिहास अफूशिवाय सांगता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाई. त्या व्यापारात ज्यांनी अलोट पैसा मिळवला त्यांत सर जमशेटजी जीजीभाई होते. त्यांनी लाख रुपये दिले, तेवढेच सरकारने घातले, आणि १८४५ साली भायखळ्याला जे. जे. रुग्णालय सुरू झाले. पिढ्यान्‌पिढ्या कोकणातली गरीब माणसे त्या रुग्णालयात बरी झाली, आमची आजीदेखील. दानाचे पुण्य आम्ही नाकारीत नाही. पण विचार करा: अफूच्या पैशावर मुंबईचे रुग्णालय बांधले गेले, आणि शंभर-दीडशे वर्षांनी याच मुंबईच्या, याच देशाच्या रुग्णालयांतून अफूचे औषध नाहीसे झाले.

ते कसे, हे तपशिलाने सांगतो. अफूपासून काढलेले मॉर्फीन हे कर्करोगाच्या जबर वेदनेवरचे स्वस्त आणि खात्रीचे औषध. जगातील वैध अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपला देश आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांत परवान्याने शेती होते, गाझीपूर आणि नीमच येथे सरकारी कारखाने आहेत. १९८५ साली संसदेने अमली पदार्थांचा कायदा केला. हेतू चोरटा व्यापार बंद करण्याचा. पण त्यात किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची कलमे होती आणि औषध म्हणून मॉर्फीन ठेवणाऱ्या रुग्णालयाला निरनिराळ्या खात्यांचे चार-पाच परवाने एकाच वेळी हातात असावे लागत. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा मिळत नसे. औषधविक्या म्हणे, नको ती ब्याद. रुग्णालये म्हणत, हिशेबात एक गोळी चुकली तर तुरुंगात कोण जाणार? १९९७ साली सबंध देशात औषध म्हणून वापरलेले मॉर्फीन अवघे अठरा किलो भरले. एवढ्या प्रचंड देशाला अठरा किलो! आमच्याकडे लग्नाच्या जेवणावळीला याहून जास्त मीठ लागते. पिकवणारे आपण, अफू परदेशी जाणार, आणि आमचा फिटर भिंतीवर डोके आपटणार.

योगायोग असा, की त्याच सुमारास या वेदनेचे ज्ञान पुरे झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली: साध्या गोळीपासून आरंभ, मग मध्यम, मग मॉर्फीन. आणि त्याच १९८६ साली मुंबईत वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर, टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती आवेदना सदन सुरू केले. असाध्य कर्करोग्यांना अखेरपर्यंत ठेवून घेणारे भारतातले ते पहिले घर. शुश्रूषेला जोगिणी, समोर समुद्र, आणि पैसे घेत नाहीत. पुढे गोव्यात आणि दिल्लीत त्याच्या शाखा झाल्या. पुण्यात वारज्याला १९९७ साली सिप्ला कंपनीच्या देणगीतून असेच केंद्र झाले, तिथे घरच्या माणसाला रोग्याजवळ राहू देतात आणि काळजी कशी घ्यायची ते शिकवतात.

या सर्वांमागे एक बाई आहे, तिच्याबद्दल सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. सिसिली साँडर्स ही लंडनची. महायुद्धाच्या काळात ती परिचारिका होती. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले म्हणून रुग्णालयात समाजसेविका झाली. १९४८ साली तिच्याकडे डेव्हिड तास्मा नावाचा रोगी होता. वॉर्साहून आलेला ज्यू, हॉटेलात ताटे उचलणारा, चाळीस वर्षांचा, जवळ कोणी नाही. दोघांच्या बोलण्यातून अशा माणसांसाठी एक घर असावे हा विचार निघाला, आणि मरताना त्याने आपल्या शिल्लकेतले पाचशे पौंड तिला दिले, त्या घराच्या एका खिडकीसाठी. बाई पुन्हा शिकायला बसली, एकोणचाळिसाव्या वर्षी डॉक्टर झाली, आणि १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हे घर उघडले. पहिली देणगी वेटरची होती, कोणा लॉर्डाची नव्हे. आम्ही हे कामगारांच्या शिबिरात सांगतो तेव्हा मागच्या रांगेतले कँटीनचे पोरगे ताठ बसते.

साँडर्सबाईंनी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली फार साधी. वेदना उठल्यावर रोगी ओरडेल, मग परिचारिका येईल, मग सुई मिळेल, ही रीत तिने मोडली. घड्याळाप्रमाणे, दर चार तासांनी, वेदना उठण्याच्या आधी औषध द्यायचे, आणि शक्यतो तोंडाने. मग रोग्याला औषधासाठी भीक मागावी लागत नाही आणि मात्राही कमी पुरते. ज्याने कधी मुकादमाकडे आपलाच थकलेला पगार मागितला आहे त्याला यातला फरक समजावून सांगायला नको. दुसरी गोष्ट अशी, की दुखणे एका अंगाचे नसते. देहाचे दुखणे, मनाचे, देवाधर्माचे आणि संसाराच्या चिंतेचे, सगळे एकात एक मिसळलेले असते. फिटरला गालाच्या गाठीने जेवढे छळले तेवढेच मुलीच्या बंद पडलेल्या शाळेने छळले असेल, असे आम्हांला आता वाटते. मॉर्फीन मिळाले असते तरी ते दुसरे दुखणे राहिले असते.

आरामाची कामे तशी क्षुद्र दिसतात. मॉर्फीनने पोट बांधते, म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक द्यावे लागते. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या मूळ रोगाहून जास्त छळतात. तोंड ओल्या फडक्याने पुसत राहावे लागते. उघड्या गाठीला घाण वास येतो आणि त्या लाजेने माणूस नातवाला जवळ येऊ देत नाही. तिथे मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर घातली की वास पुष्कळ कमी होतो. ही गोळी खेड्यातल्या औषधाच्या दुकानातही असते. वहिनींना हे सांगणारा कोणी भेटला असता तर चाळीस दिवस ते घर खिडकी-दारे बंद करून बसले नसते. कोणते औषध जखमेवर घालायचे ते अर्थात डॉक्टरला विचारूनच, हे आम्ही दर सभेत सांगतो.

ही क्षुद्र दिसणारी कामे पगारी माणसांनी किती उंचीवर नेली त्याचा दाखला परळच्या के. ई. एम. रुग्णालयात आहे. अरुणा शानबाग या तिथल्याच परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यानंतर त्या कायमच्या बेशुद्धीसारख्या अवस्थेत गेल्या आणि मे २०१५ मध्ये वारल्या. एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ परिचारिकांच्या किती पिढ्यांनी त्यांचे अंग पुसले, भरवले, कूस बदलली. त्यांच्या पाठीला जखम होऊ दिली नाही, हे सर्वोच्च न्यायालयापुढेही आले. त्यांना तिथून हलवण्याचे प्रयत्न झाले तेव्हा परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या. शुश्रूषा म्हणजे बाईचा जात्याच असलेला मऊपणा, असे म्हणणाऱ्यांना आम्ही हा दाखला देतो. ते कौशल्याचे काम आहे, पाळी लावून, वही ठेवून, एकमेकींवर नजर ठेवून केलेले.

टाटा रुग्णालय स्वतः १९४१ चे. दोराबजी टाटांची पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखातून त्या रुग्णालयाचा विचार निघाला. पण खेड्यातून आलेल्या रोग्याबरोबरचे माणूस कुठे राहणार, हा प्रश्न परळच्या पदपथावर अजून पसरलेला दिसतो. हा प्रश्न महाराष्ट्रात ज्याने प्रथम पुरता ओळखला तो माणूस अक्षरशत्रू होता. गाडगेबाबांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी करवली. देवाच्या दारात धर्मशाळा बांधणारे पुष्कळ झाले. दवाखान्याच्या दारात ती बांधली पाहिजे, कारण उशाशी बसणारे माणूसही उपाशी असते, हे खराटा हातात घेणाऱ्याला दिसले.

इथे आम्ही आमच्या मूळ प्रश्नावर आलो. घर झाले, औषधाचे ज्ञान झाले. २०१४ साली संसदेने तो जाचक कायदा दुरुस्त केला, आता मॉर्फीनसारख्या आवश्यक औषधांसाठी राज्याच्या औषध खात्याचा एकच परवाना पुरतो. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेतल्या जगण्याच्या हक्कात धरला, आणि २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सोपी केली. हे सगळे झाले. पण उशाशी बसणाऱ्याचा बुडालेला रोज कोणी द्यायचा, याला कायद्यात उत्तर नाही.

कामगार विमा योजनेचा कायदा १९४८ चा, आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. त्यात विमा असलेला कामगार आजारी पडला तर वर्षाला ९१ दिवस सत्तर टक्के वेतन मिळते, आणि कर्करोग, क्षय यांसारख्या लांबणाऱ्या आजारांत ऐंशी टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. ही लहान गोष्ट नव्हे. ज्या कामगारांना ही तरतूद माहीत नाही त्यांनी सभा संपल्यावर आम्हांला भेटावे. पण हे सर्व आजाऱ्याला. त्याची बायको, बहीण, मुलगा रजा घेऊन बसला तर त्याच्या वाट्याला बिनपगारी खाडा. आणि ठेकेदाराकडची असेल तर खाड्याबरोबर कामही जाते.

वाचक म्हणतील, घरच्या माणसाची सेवा केल्याचे पैसे मागता? लाज नाही वाटत? हा आक्षेप जुना आहे, आणि तो पूर्वी एकदा असाच घेतला गेला होता. बाळंतपणाच्या रजेचा पगार मागितला तेव्हा. आमच्या रायगड जिल्ह्यातले, माणगावकडच्या गोरेगावचे ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंत कामगार स्त्रियांसाठी विधेयक आणले, ते फेटाळले गेले. बायका काय कारखान्यासाठी बाळंत होतात, असा सूर होता. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात तशाच विधेयकावर डॉ. आंबेडकर बोलले, आणि आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा भार तिच्या एकटीवर टाकता येणार नाही, अशी बाजू त्यांनी मांडली. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला, देशातला पहिला. १९६१ साली तो सबंध देशाला लागू पडणारा झाला आणि २०१७ मध्ये रजा सव्वीस आठवड्यांची झाली. आज त्या पगाराला कोणी निर्लज्जपणा म्हणत नाही. माणूस जगात येताना जवळच्या बाईला पगारी रजा आहे. तो जाताना जवळ बसणाऱ्याला नाही. नारायणराव जोश्यांच्या जिल्ह्यातच हे मागायचे नाही तर कुठे मागायचे?

हे अशक्य आहे असेही नाही. कॅनडात बेकारी विम्याच्या पैशातून २००४ पासून असा भत्ता मिळतो. घरातले माणूस सहा महिन्यांत जाण्याचा धोका आहे असा दाखला दिला की शुश्रूषा करणाऱ्याला वेतनाचा काही भाग. आरंभी सहा आठवडे, २०१६ पासून सव्वीस. श्रीमंत देश आहे, असे म्हणता येईल. मग केरळ पाहा. कोझिकोडला १९९३ साली डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सोबत्यांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले. पुढे मलप्पुरम भागात गावोगाव स्वयंसेवक उभे राहिले, लोकांनी महिन्याला थोडी थोडी वर्गणी दिली, परिचारिका घरी जाऊ लागल्या, आणि २००८ साली राज्य सरकारला धोरण जाहीर करावे लागले. वर्गणी, यादी, घरोघर फेरी, मग सरकार! कामगार संघटनेला हे कोणी शिकवायला नको होते. आम्ही हे सारे जाणत होतो आणि वापरीत होतो ते बोनससाठी.

फिटरच्या प्रसंगानंतर आम्ही काय केले, ते फुशारकी न मारता सांगतो, कारण ते फार थोडे आहे. संघटनेने एक लोखंडी खाट घेतली, डोक्याकडची बाजू वर होणारी, आणि हवेची गादी. दर महिन्याला पगारातून प्रत्येकी वीस रुपये. घरी आजारी माणूस आहे असे कळले की आमचे दोघे जण जातात आणि वहीत तीन गोष्टी लिहितात: औषध कुठून येते, रात्री कोण जागते, आणि दिवसा कोणाचा रोज बुडतो. तिसऱ्या रकान्यातल्या माणसाला फंडातून दिवसाचे पैसे देतो, वीस दिवसांपर्यंत, अधिक झेपत नाही. औषधासाठी परळ किंवा खारघरला टाटाच्या डॉक्टरांकडे जावे लागते. चौकहून एस. टी.ने पनवेल, पुढे लोकल, आणि ज्याची साप्ताहिक सुट्टी असेल तो जातो. पहिल्याच वर्षी आमच्यात भांडण झाले. मयत फंडातून हा पैसा का काढता, दहाव्याला कमी पडेल, असे जुन्या सभासदांचे म्हणणे. सभा रात्री अकरापर्यंत चालली. वहिनींना आम्ही बोलावले होते. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. ठराव सात मतांनी पास झाला.

गेल्या खेपेच्या मागणीपत्रकात आम्ही चौदावे कलम घातले: घरातील असाध्य आजारी माणसाच्या शुश्रूषेसाठी कामगारास वर्षात दहा दिवस भरपगारी रजा, ठेकेदाराकडील कामगारासह. बोलणी करायला बसलेल्या साहेबांनी ते वाचले आणि विचारले, "असाध्य आहे हे कोण ठरवणार?" आम्ही म्हटले, "जो डॉक्टर घरी न्या म्हणतो तोच चिठ्ठीवर लिहील." ते हसले आणि पान उलटले. भत्ता वाढला, कँटीनचा दर ठरला, चौदावे कलम पुढील करारासाठी राखून ठेवले असे इतिवृत्तात लिहिले गेले. पुढील करार येत्या वर्षअखेर आहे.

फिटरची ती मुलगी पुढे रात्रशाळेत दहावी झाली आणि परिचर्येचा लहान अभ्यासक्रम करून पनवेलला कामाला लागली. ती मधूनमधून आमच्याबरोबर फेरीला येते आणि नव्या माणसांना कूस कशी बदलायची ते दाखवते. खाट सध्या चौकच्या पुढे एका ठाकूरवाडीत आहे. वाडीपर्यंत गाडी जात नाही, चौघांनी खांद्यावर नेली.